स्मूदनिंग टिकवायचं तर आधी बाटली बघा

हा भाग मी स्वारगेटच्या माझ्या खोलीत बसून रेकॉर्ड केलाय. त्यामुळे ऐकताना मधेमधे एसटीचा हॉर्न येतो, त्याला माझा इलाज नाही. वाचणाऱ्यांना तेवढा त्रास वाचला. नेहमीप्रमाणे बोललेलंच जरा नीट करून इथे टाकतेय. 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे कापलेत, सगळे नाही.

आजचा विषय तुमच्यापैकी कित्येक जणींनी विचारला होता. पार्लरमध्ये चार-पाच तास बसून, पाच-सहा हजार मोजून केस सरळ करून आणले, तर ते जास्तीत जास्त दिवस कसे टिकवायचे? मी केमिस्ट नाही आणि डॉक्टरही नाही. बीटेक कॉम्प्युटर आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधते. पण माझ्या डोक्यावर हा प्रयोग दोनदा झालाय, आणि सवयीने मी त्याची नोंद ठेवली होती.

पहिल्यांदा केलं जुलै २०२४ मध्ये. पार्लरवाल्या ताईंनी सांगितलं होतं, सहा महिने बघायला नको. ऑक्टोबर उजाडला आणि कपाळाजवळचे केस पुन्हा स्प्रिंगसारखे उभे. नोव्हेंबरच्या शेवटी मामेबहिणीचं लग्न होतं, म्हणून मी सरळ पुन्हा त्याच पार्लरमध्ये गेले आणि म्हटलं, परत करून टाका. तिथे केस करणारी जी मुलगी होती, असेल बावीस-तेवीसची, तिने केस हातात घेतले, टोकं बोटांवर फिरवून बघितली आणि मालकीणबाई काउंटरवर फोनवर आहेत हे बघून हळूच म्हणाली, "ताई, आत्ता नका करू. लग्नात साधं ब्लो-ड्राय करून घ्या." तिचे डोळे लाल होते. मला वाटलं, रडलीय की काय. नंतर कळलं, त्या दिवशीचं ते तिचं तिसरं केराटिन होतं. खोली बंद, एसी चालू, आणि धूर.

त्या दिवसापासून हा विषय माझ्यासाठी बदलला. ट्रीटमेंट टिकवणं म्हणजे नुसते पैसे वाचवणं असं मी तोवर समजत होते. एक साधा हिशोब करा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. तुमचे केस चाळीस सेंटिमीटर असतील, तर टोकाचा केस तीन वर्षांहून जुना आहे. दर तीन महिन्यांनी पूर्ण लांबीवर ट्रीटमेंट केली, तर त्या टोकाने तेरा वेळा केमिकल आणि तेरा वेळा दोनशे अंशांच्या वरची इस्त्री सोसली. आठ महिन्यांनी केली तर पाच वेळा. आणि तुमच्या नाकाने, टाळूने आणि त्या मुलीच्या डोळ्यांनीही तितक्याच वेळा.

आता मुद्द्यावर. टिकवायचं कसं याच्या आधीचा प्रश्न असा की तुमच्या डोक्यावर नक्की काय केलंय? आपल्याकडे पार्लरच्या दरपत्रकावर स्मूदनिंग, स्ट्रेटनिंग, रिबाँडिंग, केराटिन, बोटॉक्स, नॅनोप्लास्टिया अशी नावं असतात. (हेअर बोटॉक्समध्ये इंजेक्शनवालं बोटॉक्स नसतं, ते नुसतं नाव.) नावांवर जाऊ नका, ती दुकानागणिक बदलतात. कामाच्या पद्धतीवरून बघितलं तर ढोबळ दोन घराणी आहेत.

केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याच्या साखळ्या एकमेकींना दोन-तीन प्रकारच्या बंधांनी धरून असतात. त्यातले हायड्रोजन बंध कच्चे. पाणी लागलं की सुटतात, वाळले की जसा आकार असेल तसे परत बसतात. ब्लो-ड्राय यावरच चालतो, आणि पावसाळ्यात तो अर्ध्या तासात का उतरतो तेही यातच आलं. दुसरे गंधकाचे, म्हणजे डायसल्फाइड बंध. हे पक्के. केस कुरळे की सरळ, हे बऱ्याच अंशी हे ठरवतात.

पहिलं घराणं हे पक्के बंध तोडतं. क्रीम लावतात, त्यात बहुतेक वेळा अमोनियम थायोग्लायकोलेट असतं. वास आठवतोय? अमोनिया आणि सडक्या अंड्याच्या मधला. मग केस धुतात, वाळवतात, इस्त्री करतात आणि त्यानंतर दुसरं क्रीम लावतात, ते न्यूट्रलायझर. त्याने तुटलेले बंध नव्या, सरळ जागी जुळतात. रिबाँडिंग हेच, आणि आपल्याकडे 'स्मूदनिंग' म्हणून जे करतात ते पुष्कळदा याचंच सौम्य रूप असतं.

दुसरं घराणं म्हणजे केराटिन आणि त्याची भावंडं. यात आधी कडक शाम्पूने केस धुतात, एकच द्रव लावतात, तो केसांवरच वाळवतात आणि त्यावर कडक इस्त्री फिरवतात. धूर निघतो तो इथे. नाव केराटिनचं असलं तरी बरंचसं काम करतं ते फॉर्मॅल्डिहाइड सोडणारं रसायन किंवा ग्लायऑक्झिलिक ॲसिडसारखं आम्ल. ते केसातल्या प्रथिनांना सरळ स्थितीत धरून ठेवतं आणि वरून एक पातळ थर बसतो. हे सगळं हळूहळू धुऊन जातं.

ओळखायची खूण एकच. इस्त्रीनंतर दुसरं क्रीम लावलं होतं का? लावलं असेल तर पहिलं घराणं, नसेल तर दुसरं.

याने फरक काय पडतो, तर सगळाच पडतो. पहिल्या प्रकारात जेवढा केस सरळ झाला, तो तेवढा कायमचा झाला. कुठल्याही शाम्पूने तो परत कुरळा होणार नाही. 'उतरलं' असं जे वाटतं ते मुळातून आलेले नवे केस असतात, सहा महिन्यांत सहा सेंटिमीटर. किंवा मग जुना केस कोरडा, राठ होऊन फुगलेला असतो. इथे 'टिकवणं' म्हणजे केस तुटू न देणं आणि पुढच्या वेळी फक्त नव्या वाढीवर काम करून घेणं. पार्लरमध्ये स्पष्ट सांगा, रूट टच-अप हवंय, जुन्या लांबीवर क्रीम नको. एकदा बंध तोडून जोडलेल्या केसावर पुन्हा तेच केलं की केस मधूनच तुटतात. पैसे पूर्ण लांबीचे मागतील, त्यावर घासाघीस करा. पुण्यात राहून हे मी शिकवायला नको.

दुसऱ्या प्रकारात मात्र केस धुणं हाच खरा शत्रू. माझं होतं ते हे, केराटिन.

माझी नोंद अशी. पहिल्या वेळी मी दुचाकीवरून ऑफिसला जायचे, स्वारगेट ते कल्याणीनगर. हेल्मेट, घाम, पाऊस, त्यामुळे आठवड्यातून चार-पाच वेळा केस धुवायचे. तीन महिन्यांत साधारण अठ्ठावन्न वेळा धुतले आणि काम संपलं. मग २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला. स्वारगेटला खाली उतरायचं, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची आणि कल्याणीनगरला बाहेर. हेल्मेट घरी. फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी दुसऱ्यांदा केराटिन केलं आणि आठवड्याला दोनदाच केस धुतले. ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत टिकलं, म्हणजे साडेसहा महिने. नोंदीत बघितलं, धुण्यांची संख्या छप्पन्न.

अठ्ठावन्न आणि छप्पन्न! दोन नोंदींवरून नियम काढला तर आमच्या टीममध्ये मला कोणी उभं करणार नाही, हे मान्य. तुमचा आकडा चाळीस येईल, नाहीतर सत्तर. पण सांगायचं हे की पार्लरवाले महिन्यांत बोलतात आणि केस धुण्यांत मोजतात. आपली मोजणी धुण्यांत ठेवा.

मग धुणी कमी कशी करायची? घाम आला की डोकं धुवायलाच हवं असं नाही. टाळू नुसत्या कोमट पाण्याने खंगाळून पंख्याखाली वाळवली तरी घामाचं मीठ जातं. शाम्पू टाळूपुरता लावायचा, तळहातावर पाण्यात मिसळून. लांबीवर तो फेस वाहत जाईल तेवढा पुरे. कंडिशनर उलटा, फक्त लांबीवर आणि दर वेळी. कंडिशनरमुळे केसांचं एकमेकांवर घासणं कमी होतं, आणि वरचा थर निघतो तो पाण्याइतकाच घासण्यानेही.

शाम्पू सल्फेट-फ्री घ्या हे सगळे सांगतात, आणि ते बरोबर आहे. पण बाटलीच्या मागे बघा. सोडियम लॉरिल सल्फेट, सोडियम लॉरेथ सल्फेट ही नावं नसली म्हणजे शाम्पू सौम्यच असतो असं नाही. सोडियम सी१४-१६ ओलेफिन सल्फोनेट हे सल्फेट नाही, त्यामुळे 'सल्फेट-फ्री' लिहिता येतं, पण ते चांगलंच कडक आहे. पहिल्या दोन-तीन घटकांत ते एकटंच दिसलं तर मी बाटली परत ठेवते. शाम्पूत मीठ असलं की केराटिन जातं, असंही सांगतात. मला हा मुद्दा फुगवलेला वाटतो. शाम्पू दाट करायला घातलेल्या चिमूटभर मिठापेक्षा आठवड्याला चार वेळा धुणं कितीतरी जास्त नुकसान करतं. आणि पार्लरमध्ये निघताना जो अठराशेचा 'आफ्टरकेअर किट' पुढे करतात, तो मी पहिल्या वेळी घेतला, दुसऱ्या वेळी नाही. टिकलं कोणत्या वेळी, ते वर वाचलंतच.

आता आई. आईचं म्हणणं, शिकेकाईने धू, आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं. तुळशीबागेच्या मागून पुडी आणून ठेवली होती तिने. शिकेकाई-रिठ्यातलं सॅपोनिन हाही एक साबणच, आणि रिठा तर केस बऱ्यापैकी कोरडे करतो. त्यात पावडरीची कचकच केसांवर घासली जाते. उकळून, गाळून घेतलेलं पाणी वापरत असाल तर ठीक. थेट पावडर मात्र केराटिन केलेल्या केसांवर नको.

पण तेलाच्या बाबतीत आई जिंकली. मॅरिको कंपनीतल्या रेळे आणि मोहिले या संशोधकांचा २००३ सालचा एक लेख आहे. खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल या तिघांची त्यांनी तुलना केली. धुण्याआधी लावलेल्या खोबरेलाने केसातलं प्रथिन कमी जातं, बाकीच्या दोन तेलांनी तसा फरक पडत नाही, असं त्यांना दिसलं. कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात ठेवूनच वाचायचं. पण कारण पटण्यासारखं आहे. खोबरेलातलं लॉरिक ॲसिड लहान आणि सरळ साखळीचं, ते केसाच्या आत शिरतं, त्यामुळे पाण्याने केस कमी फुगतो. म्हणून धुण्याच्या तासभर आधी, फक्त लांबीवर, चमचाभर. रात्रभर डोकं थबथबून ठेवायचं नाही. ते काढायला दोनदा शाम्पू करावा लागला तर मिळवलेलं सगळं परत गेलं.

पाण्याचं. स्वारगेटला आम्हाला महापालिकेचं पाणी येतं, खडकवासल्याचं, पर्वतीच्या जलकेंद्रातून. धरणाचं पाणी तसं मऊ. पण उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळतात. बोअरच्या पाण्यात खडकातून आलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, ते केसांवर बसतं आणि केस दोरीसारखे लागतात. मग आपण म्हणतो, केराटिन उतरलं. तपासायला टीडीएस मीटर नको, तो नुसते विरघळलेले क्षार मोजतो, पाणी जड की मऊ ते सांगत नाही. एका बाटलीत अर्धं पाणी, त्यात अंगाच्या साबणाचा किस, आणि जोरात हलवा. भरपूर फेस आला तर पाणी मऊ. फेस कमी आणि वर पांढरट साका आला तर जड. जड असेल तर शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घ्या. वाघोली नाहीतर बाणेरकडे टँकरवर राहणाऱ्या मैत्रिणींनी हे आधी करावं, शाम्पू नंतर बदलावा.

हेल्मेट. अजूनही शनिवार-रविवारी गाडी काढावी लागतेच. ओल्या केसांवर हेल्मेट कधीच नाही. मघाशी सांगितलेले कच्चे बंध हेल्मेटच्या आकारात वाळतात आणि कपाळापाशी जी घडी पडते ती दिवसभर जात नाही. केस मानेपाशी सैल बांधायचे, आत सॅटिनची नाहीतर गुळगुळीत कापडाची टोपी, आणि हेल्मेटचं आतलं अस्तर महिन्यातून एकदा काढून धुवायचं. केस बिघडतात म्हणून हेल्मेट घालत नाही असं म्हणणाऱ्या एक जण भेटल्या. पुण्यात हेल्मेटच्या विरोधात मोर्चेही निघालेत, तेव्हा नवल नाही. त्यांना मी काही बोलले नाही, इथे बोलते: घाला.

बाकीचं पटापट. पहिले तीन दिवस न धुण्याचा नियम सगळ्यांना लागू नाही, काही नवीन द्रव त्याच दिवशी धुतात. त्या कंपनीच्या सूचना मागून घ्या. तीन दिवसांचं सांगितलं असेल तर त्या दिवसांत क्लचर, रबर, कानामागे केस खोचणं, सगळं बंद. टॉवेलने खसाखसा पुसण्यापेक्षा जुन्या सुती टीशर्टने दाबून टिपा. ओल्या केसांवर स्ट्रेटनर फिरवू नका, आतलं पाणी वाफ होऊन केसात बुडबुडे पडतात आणि केस तिथेच तुटतो. पोहायला जात असाल तर तलावात उतरण्याआधी केस साध्या पाण्याने भिजवून थोडं खोबरेल लावा, वर कॅप. आधीच भिजलेला केस क्लोरीनचं पाणी कमी ओढतो. काळी मेंदी पार्लरवालीपासून लपवू नका.

आता शेवटचं, आणि शीर्षकातली बाटली.

फॉर्मॅल्डिहाइड माणसात कर्करोग करतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलंय. म्हणून बाटल्यांवर 'फॉर्मॅल्डिहाइड-फ्री' लिहायला लागले. २०१० मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या कामगार सुरक्षा विभागाने असं लिहिलेल्या एका प्रसिद्ध ब्रँडचे नमुने तपासले, तर सरासरी आठ टक्क्यांच्या वर फॉर्मॅल्डिहाइड निघालं. यादीत ते मिथिलीन ग्लायकॉल किंवा फॉर्मॅलिन या नावानेही असतं.

त्याच्या जागी आलं ग्लायऑक्झिलिक ॲसिड. मार्च २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका सव्वीस वर्षांच्या बाईची केस छापली. २०२०, २०२१ आणि २०२२ मध्ये तिने तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या किडनीला इजा झाली. उलट्या, ताप, पाठदुखी, आणि ट्रीटमेंटच्या वेळी टाळू जळजळलेली. क्रीममध्ये दहा टक्के ग्लायऑक्झिलिक ॲसिड होतं. त्यांनी ते क्रीम उंदरांच्या पाठीवर लावून बघितलं, तर उंदरांच्या किडनीत कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे दिसले. ही एका बाईची गोष्ट आहे. सगळ्यांना असं होतं असा अर्थ नाही, किती जणींना होतं हे त्यावरून काढता येत नाही. पण दुसऱ्या वेळी माझी टाळू चुरचुरली होती आणि मी "होतं थोडं" म्हणून गप्प बसले होते, ते आठवलं. द्रव मुळापासून सेंटिमीटरभर लांब लावायला हवा, टाळूला लागता कामा नये. लागला आणि जळजळलं तर तिथल्या तिथे धुवायला सांगायचं. आणि दोन-तीन दिवसांत उलट्या झाल्या किंवा लघवी कमी झाली तर डॉक्टरांना केसांचं सांगायचं. ते आपणहून विचारणार नाहीत.

मी तिसऱ्यांदा करणार होते, ऑक्टोबर २०२५ ला. २२ सप्टेंबरपासून सलॉनवरचा जीएसटी अठराचा पाच टक्के झाला होता, तेवढंच निमित्त. या वेळी आधी पार्लरला व्हॉट्सॲप केलं: "बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा, घटक वाचता येतील असा." मालकीणबाईंचा रिप्लाय आला, "मॅडम आजपर्यंत कोणी मागितला नाही." मग दोन दिवसांनी फोटो आला, त्या मुलीच्या नंबरवरून. यादीत ग्लायऑक्झिलिक ॲसिड दुसऱ्या क्रमांकावर. खाली तिने लिहिलं होतं, "ताई हे तेच का जे वाईट असतं? मी रोज लावते."

मी तिला वरचं सगळं मराठीत लिहून पाठवलं. खिडकी उघडी ठेवायला सांग, हातमोजे घाल, इस्त्रीच्या वेळी पंखा तुझ्याकडून बाहेरच्या दिशेला लाव, साध्या कापडी मास्कने वायू अडत नाही. आता ती इस्त्रीच्या वेळी शटर अर्धं वर करते, असं तिने कळवलं. गिऱ्हाइकं एसीवरून कुरकुरतात.

माझं बुकिंग अजून केलेलं नाही. मुळातून सात-आठ सेंटिमीटर नागमोडी आणि खाली सरळ, असं सध्या डोकं आहे. क्लचरमध्ये कळत नाही.

तुमच्या पार्लरने बाटलीचा फोटो दिला तर मलाही पाठवा, घटक वाचायला मदत करीन. नाही दिला तर तेही कळवा. भेटू पुढच्या भागात.